चार्जिंगच्या खांबावरचा रुमाल

आमच्या इमारतीच्या अंगणात गाड्या चार्ज करायचा खांब बसावा म्हणून सगळ्यात जास्त घसा मी कोरडा केला होता. जर्मनीतल्या डार्मश्टाटमधली ही जुनी इमारत. बिऱ्हाडं मोजकी, मागे फरसबंद अंगण, आणि त्यात जेमतेम चार गाड्या उभ्या राहतील एवढी जागा. बाकीच्यांनी रस्त्यावर घिरट्या घालायच्या. वर्षातून एकदा सगळ्या घरमालकांची सभा भरते. तिथे जिन्याचा रंग आणि कचऱ्याचे डबे यांवरून माणसं अशी भांडतात की पुण्यातल्या सोसायटीची सभा त्यापुढे हळदीकुंकवाचा कार्यक्रम वाटावी. त्या सभेत मी उभी राहिले आणि दाराजवळची जागा चार्जिंगसाठी राखून ठेवायची हे सगळ्यांना पटवून दिलं. पटवल्यावर घरी येऊन नवऱ्याला दोनदा सांगितलंही, की बघ, आपण कसं पटवलं.

बोलायचा अधिकार मला आहे असं मला वाटत होतं. मी ज्या कंपनीत नोकरी करते तिथे गाडी कधी चार्ज करावी हे सांगणारं सॉफ्टवेअर बनतं. वीज सगळी सारखीच दिसते, पण दिवसाच्या वेळेप्रमाणे तिचं कूळ बदलतं. दुपारी ऊन असतं, छपराछपरांवरची पॅनेलं इतकी वीज ओततात की घ्यायला माणसं कमी पडतात. संध्याकाळी मात्र सगळे एकदम घरी येतात, गाडीला वायर लावतात, ओव्हन लावतात, आणि नेमका तेव्हाच सूर्य घरी निघालेला असतो. मग कोळशाची आणि गॅसची केंद्रं जोरात चालवावी लागतात. गाडी तीच, अंतर तेवढंच, नुसती वायर लावायची वेळ बदलली तरी मागे निघणारा धूर कमीजास्त होतो. हे मी ऑफिसात रोज सांगते. मराठी मंडळाच्या गणपतीत मोदकांच्या आधी स्लाइड्स दाखवून सांगितलंय. मोदकांच्या आधी सांगितलं म्हणूनच लोकांनी ऐकून घेतलं असं नवरा म्हणतो.

तळमजल्यावर एकटी राहणारी आमची शेजारीण नर्स आहे. हॉस्पिटलातली नव्हे, ती घरोघरी जाते. म्हाताऱ्यांना आंघोळ घालायची, औषधं द्यायची, पायांच्या जखमा बांधायच्या. सकाळी एक फेरी, संध्याकाळी एक फेरी, मधली दुपार घरी. माझ्या सासऱ्यांनी पुढे तिचं नाव ‘नर्सबाई’ पाडलं आणि तेच आमच्या घरात रूढ झालं. सभा संपल्यावर तिने मला जिन्यात गाठलं. तिची पेट्रोलची गाडी म्हातारी झाली होती. विजेची घ्यावी असं मनात होतं, पण तिच्याकडे ना गॅरेज, ना दुसरी सोय. सगळी भिस्त अंगणातल्या या एका खांबावर.

“तू यातली जाणकार आहेस,” ती म्हणाली. “मला जमेल का, खरं सांग.”

“तुझ्यासाठीच आहे हे,” मी म्हणाले. “दुपारी तू घरी, गाडी अंगणात, वर ऊन. वायर लाव आणि झोप काढ. तुझ्यासारखं गिऱ्हाईक आम्हाला शोधूनही सापडत नाही.”

तिने जुनी गाडी भावाच्या गावी पाठवली आणि महिन्याच्या बोलीवर एक छोटी पांढरी विजेची गाडी घेतली. माझ्या शब्दावर घेतली. पहिल्या दुपारी तिने ती खांबाला लावली तेव्हा मला मुद्दाम खाली बोलावलं होतं. नव्या गाडीची पूजा करायची आपल्यात पद्धत आहे असं मी तिला कधीतरी सांगितलेलं, तर तिने बॉनेटवर कुंडीतलं एक फूल ठेवलं होतं. मला भरून आलं होतं. ते खोटं नव्हतं.

आता आमची गाडी. ती नवऱ्याच्या कंपनीची. अर्धी पेट्रोलवर, अर्धी विजेवर. दोन बायका फजिती ऐका, त्यातला प्रकार. नंबराच्या शेवटी ‘ई’ हे अक्षर, म्हणजे सरकारदरबारी ती विजेची गाडी. वायर लावून चार्ज केली तर रोजची ये-जा सगळी विजेवर होते आणि पेट्रोलला हातही लावावा लागत नाही. पण पेट्रोल भरायला ऑफिसने कार्ड दिलेलं आणि वीज मात्र आपली आपण भरायची. मग वायर कोण लावतो? चार्जिंगची केबल डिकीत, कारखान्यातून आली तशी, प्लास्टिकच्या पिशवीत पडून होती. मला हे ठाऊक होतं. बाजाराच्या पिशव्या ठेवताना मीच ती बाजूला सरकवायची. मी कधी विषय काढलाच तर नवरा म्हणायचा, “तूच सांगतेस ना सगळ्यांना, संध्याकाळी चार्ज करू नका म्हणून? आपण संध्याकाळी अजिबात करत नाही.” आणि मला हसू यायचं. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, हे शाळेत निबंधात मी कितीदा वापरलं असेल. ते कोणासाठी लिहून ठेवलंय ते तेव्हा कळलं नव्हतं.

एप्रिलमध्ये सासरे आले. सासूबाई गेल्यानंतरचा त्यांचा पहिलाच उन्हाळा. वाईच्या घरात एकटे राहून राहून त्यांनी गुडघा दुखावून घेतला होता आणि बोलणंही कमी केलं होतं. इथे आल्यावर तर त्यांच्या हाताला कामच उरलं नाही. भाजी आणायला जावं तर भाषा येत नाही, पेपर वाचावा तर तो फोनवर. सकाळी दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून ते खिडकीपाशी बसायचे आणि अंगण बघायचे. मला त्यांच्याकडे बघून वाईट वाटायचं आणि वाईट वाटतंय म्हणून मी त्यांना दर तासाला चहा विचारायची.

त्यांनी सगळी नोकरी साताऱ्याला केली, वाईहून रोज एसटीने जाऊन-येऊन. त्यांच्या खिशात अजूनही दोन रुमाल असतात. एक तोंड पुसायला आणि एक जागा धरायला. गाडी फलाटाला लागायच्या आत खिडकीतून रुमाल सीटवर टाकायचा, मग दारातल्या रेटारेटीत आपण निवांत शिरायचं, रुमाल उचलायचा आणि बसायचं. रुमालाच्या जागेवर दुसरा कोणी बसत नाही. बसलाच तर आख्खी एसटी त्याच्याशी भांडते. या विद्येत ते इतके तरबेज होते की लग्नात नवऱ्याच्या मामांनी माझी ओळख करून देताना सांगितलं होतं, तुझा सासरा चालत्या गाडीत रुमाल टाकतो, आणि तोही खिडकीकडच्या सीटवर.

मे महिन्यातल्या एका रविवारी आम्ही हायडेलबर्गचा किल्ला बघून परतलो. रस्त्यावर कुठेच जागा नव्हती. तिसऱ्या घिरटीला सासरे मागून म्हणाले की दाराजवळची ती जागा रिकामीच दिसतेय. नवऱ्याने त्यांना पाटी समजावून सांगितली: फक्त विजेच्या नंबराची गाडी आणि तीही चार्ज होत असेपर्यंतच.

“मग लावा की वायर,” सासरे म्हणाले. “चार्ज होतंय का नाही, हे कोण आत डोकावून बघतंय? एसटीत आपण रुमाल टाकायचो, तेव्हा रुमाल काय प्रवास करायचा?”

आम्ही दोघंही पोट धरून हसलो. ते आल्यापासून पहिल्यांदाच असं काही बोलले होते. नवऱ्याने डिकीतून केबल काढली, प्लास्टिक टराटरा फाडलं आणि एक टोक गाडीला, एक खांबाला लावलं. खांबावर एक दिवा आहे. हिरवा असला की खांब मोकळा, आणि आपलं कार्ड टेकवलं की तो निळा होतो आणि वीज सुरू होते. कार्ड घरात कुठल्या तरी ड्रॉवरमध्ये होतं. शोधलं असतं तर सापडलं असतं. कुणी शोधलं नाही. बाबांचा गुडघा दुखतोय, दारापाशी गाडी लागली हे किती बरं झालं, असं मी म्हणाले आणि आम्ही वर येऊन पिठलं-भात केला.

त्या दिवसापासून सासऱ्यांना नोकरी लागली. नवरा त्या उन्हाळ्यात बहुतेक दिवस घरूनच काम करायचा. कुठे गेलाच तर परत येताना फोन करायचा आणि सासरे इस्त्रीच्या शर्टात खाली जाऊन जागेवर उभे राहायचे. गाडी आत आली की हाताने ‘येऊ दे, येऊ दे, बास’ करायचे. मग केबल स्वतः काढायची, गुडघ्यावर हात ठेवून वाकायचं, दोन्ही टोकं लावायची, ओढून बघायची, आणि खांबावरून एकदा हात फिरवायचा. त्यांचं बोलणं वाढलं, भूक वाढली. नवरा म्हणाला की औषधापेक्षा रुमाल बरा लागू पडला. मलाही ते खरंच वाटलं. आणि जागा अशी मिळाली की मग हलवावीशी वाटेना. दोन-दोन दिवस गाडी तिथेच, वायर लावलेली, दिवा हिरवा.

नर्सबाई दुपारी फेरीवरून यायच्या. पांढरी गाडी आवाज न करता अंगणात शिरायची, आमच्या गाडीमागे थोडा वेळ उभी राहायची. सासरे खिडकीत असायचेच. ते हात करायचे, त्या हात करायच्या. सासऱ्यांना मराठी आणि मोडकं हिंदी, त्यांना जर्मन. तरी दोघांची त्या हातांवर छान ओळख झाली होती. मग पांढरी गाडी तशीच मागे वळून बाहेर जायची. हे मी स्वयंपाकघरातून बघायची. पहिल्या वेळी पोळी तव्यावर जळेपर्यंत बघत राहिले. मला वाटलं होतं, एक-दोन दिवसांत काचेवर चिठ्ठी येईल. इथली माणसं चिठ्ठीला मागेपुढे बघत नाहीत, बाल्कनीतल्या सतरंजीवरूनसुद्धा लिहितात. चिठ्ठी आली की आपण मुकाट गाडी काढू, असं मी ठरवून टाकलं. चिठ्ठी आलीच नाही, आणि आली नाही म्हणजे चालतंय, असा सोयीचा अर्थ मी लावला.

त्याऐवजी त्या स्वतः वर आल्या, हातात रूबार्बचा केक घेऊन. सासऱ्यांसाठी म्हणाल्या. मग दारातच उभ्या राहून, अगदी ओशाळून त्यांनी विचारलं, तुमची गाडी भरली की मला एक मेसेज टाकाल का? म्हणजे मला दुपारी लावता येईल. आता नवी गावं दिली आहेत, थेट ओडेनवाल्डच्या डोंगरात, तेव्हा रोज भरावी लागते.

आता इथे मला खरं बोलायला कोणी अडवलं नव्हतं. मी एवढंच म्हणायचं होतं की आत्ता काढते. मी म्हणाले की आमच्या गाडीचं चार्जिंग फार हळू चालतं. ती बॅटरी छोटी असते पण चार्जर मंद, वगैरे. तांत्रिक शब्द वापरून नीट समजावून सांगितलं. त्या मान डोलावत “गेनाऊ, गेनाऊ”, म्हणजे बरोबर, बरोबर, म्हणत राहिल्या. जाणकाराचं म्हणणं त्यांना पटलं होतं.

“आणि तुमच्याकडे वडीलधारं माणूस आहे,” त्या जाताना म्हणाल्या. “तुम्हाला गाडी भरलेली हवी. मी जमवते काहीतरी.”

तो केक मला गिळवला नाही. सासऱ्यांनी दोन तुकडे खाल्ले आणि बाईच्या हाताला चव आहे म्हणाले.

त्यानंतर थोडे दिवस मी मेसेज करायची. चार्जिंगला साधारण जेवढा वेळ लागला असता तेवढा मनाशी धरायची, म्हणजे खोटंसुद्धा शास्त्रशुद्ध, आणि मग ‘झालं’ असं लिहायची. नवरा कुरकुरत गाडी काढून रस्त्यावर जागा शोधायचा. सासरे रुमाल उचलताना हिरमुसायचे. चार दिवस गेले की एक मेसेज राहून जायचा, मग दोन. त्यांनी कधी आठवण केली नाही. मीही मूग गिळून बसले. आठवड्यातून एखादी दुपार त्यांना खांब मिळत असेल, नसेल.

जुलैमध्ये आम्ही सासऱ्यांना ऱ्हाइनची बोटसफर घडवून आणली. येताना महामार्गावरच्या पंपावर थांबलो. नवरा ऑफिसचं कार्ड घेऊन पेट्रोल भरत होता, मी आणि सासरे पाय मोकळे करत होतो. पंपाच्या पलीकडे झटपट चार्जिंगचे खांब आहेत. तिथे एक छोटी पांढरी गाडी लावलेली होती. आत सीट मागे टाकून, तोंडावर हात घेऊन नर्सबाई झोपल्या होत्या. नर्सचा निळा सदरा अंगात. रविवारचीही ड्यूटी असावी. सकाळच्या आणि संध्याकाळच्या फेरीमधली ती त्यांची विश्रांती. ऊन थेट तोंडावर येत होतं, म्हणून हात.

सासऱ्यांनी लगेच ओळखलं. “अगं, ही आपली नर्सबाई. इथे का झोपलीय?” आणि ते हात वर करून तिकडे निघाले.

मी त्यांचा दंड धरला. आयुष्यात पहिल्यांदा मी सासऱ्यांना असं हात धरून अडवलं. “बाबा, नको,” मी म्हणाले. “ड्यूटीवर आहेत त्या. झोपू द्या.”

“बिचारी,” ते म्हणाले आणि मागे फिरले. मी गाडीच्या आडोशाने चालले. नवऱ्याने पेट्रोल भरलं, काचा पुसल्या, आरशात बघून केस सारखे केले. मी आत बसून मान खाली घालून फोन बघत होते. फोन बंद होता.

घरी पोचलो तर दारापाशीची जागा मोकळीच. मोकळी असणारच होती, मिळत नाही म्हणून नर्सबाईंनी इथे बघणंच सोडलं असावं. सासरे उतरले, केबल काढली, वाकले. मी काहीच बोलले नाही. हेच मला सगळ्यात जास्त लागतं. सासऱ्यांना माहीत नव्हतं की त्या बाईला दुसरी जागा नाही. त्यांना वाटायचं, इथे सगळ्यांकडे सगळं असतं, मग हिच्याकडेही असेल. एसटीतसुद्धा त्यांचा एक नियम होता: लेकुरवाळी दिसली, आजारी माणूस दिसलं, की रुमाल उचलायचा आणि आपण उभं राहायचं. मी त्यांना एक वाक्य सांगितलं असतं तर त्यांनी त्याच क्षणी वायर काढली असती. काढली असती हे मला माहीत होतं. म्हणूनच मी सांगितलं नाही. रोज रस्त्यावर घिरट्या, नवऱ्याची कुरकुर, आणि मग नर्सबाईंना काय सांगायचं, इतके दिवस काय केलं? त्यापेक्षा गप्प बसणं सोपं होतं.

सासऱ्यांचा व्हिसा संपला, ते परत गेले. जाताना नर्सबाईंसाठी त्यांनी वाईहून आणलेल्या पेढ्यांचा शेवटचा पुडा फ्रीझरमध्ये जपून ठेवला होता, तो स्वतः नेऊन दिला. विमानतळावरून परत येताना मी नवऱ्याला म्हणाले की आता तरी आपण ती जागा सोडू. तो लगेच हो म्हणाला. त्यालाही कुठेतरी टोचत असणार. त्या दिवसापासून आम्ही गाडी रस्त्यावर लावायला लागलो. मला फार मोकळं वाटलं. आपण सुधारलो, झालं गेलं गंगेला मिळालं, असं समजून मी एक आठवडा मजेत काढला. दुपारी खांबाची जागा मोकळी दिसायची आणि मी वाट बघायची की आता पांढरी गाडी येईल. ती काही आली नाही.

एका शनिवारी सकाळी बेल वाजली. नर्सबाई होत्या, हातात केबलचं वेटोळं. चेहरा हसरा.

गाडी परत केली, त्या म्हणाल्या. उन्हाळ्यातच ठरवलं होतं, महिना भरला तशी देऊन टाकली. भावाने जुनी गाडी दुरुस्त करून पाठवलीय, पेट्रोलची, पण चालते. आणि मी काही बोलायच्या आत त्यांनीच माझी समजूत काढली की तू सांगितलंस ते बरोबरच होतं, माझ्या फेऱ्याच वाढल्या, त्याला तू काय करणार. ही केबल मात्र त्यांनी स्वतः विकत घेतलेली, ती आता त्यांना नको. लांब आहे. तुमची आखूड, ती लावताना तुझ्या सासऱ्यांना फार वाकावं लागायचं, ते पुढच्या वर्षी येतील तेव्हा बरी पडेल.

मी ती हातात घेतली. चांगली जड होती. “डांके,” मी म्हणाले.

“अजून एक,” त्या म्हणाल्या. “पण राग मानू नकोस. खाली येतेस?”

मी खाली गेले. त्यांनी नवऱ्याला गाडी आत घ्यायला लावली. नर्सबाईंनी स्वतः ती लांब केबल गाडीला लावली, खांबाला लावली आणि मला जवळ बोलावलं.

“हा दिवा बघ,” त्या म्हणाल्या. “आता हिरवा आहे. तुमची गाडी लागलेली असायची तेव्हा हा हिरवाच असायचा. माझ्या स्वयंपाकघरातून दिसतो. वायर लावून झालं असं तुम्हाला वाटायचं, पण नंतर कार्ड टेकवावं लागतं. ते तुमच्याकडून राहून जायचं, त्यामुळे बिचारी रात्रंदिवस उभी राहूनही भरायची नाही. मी किती वेळा सांगायला निघाले. पण तुझे सासरे इतक्या प्रेमाने लावायचे आणि वर बघून हात करायचे. त्यांना वाईट वाटेल म्हणून मला सांगवेना.”

मी दिव्याकडे बघत राहिले. नवरा स्टिअरिंगला धरून समोरच्या भिंतीकडे बघत होता. त्या उन्हाळ्यात रोज तो दिवा तिने बघितला होता. रोज तिला माहीत होतं की या गाडीत विजेचा थेंब जात नाहीये आणि तिची गाडी रिकामी आहे. आणि तिने याचा अर्थ असा लावला की या लोकांना जमत नाहीये. फसवणूक हा अर्थ तिच्या मनालाही शिवला नव्हता. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आता सांग, मी स्वतःला म्हणाले. अजून वेळ आहे, तिच्या तोंडावर सांग की मला सगळं येतं, मी हेच करून पोट भरते, आणि दिवा हिरवा होता तो आम्ही हिरवा ठेवला म्हणून.

“तुझा काही दोष नाही,” त्याच पुढे म्हणाल्या. “तू कॉम्प्युटरवरचं काम करतेस. खांबाचं तुला कुठून माहीत असणार?”

“आख सो, असं का,” मी म्हणाले. “कार्ड टेकवायचं होय. मला माहीतच नव्हतं.”

हे वाक्य मी बोलले. अप्रामाणिक ठरण्यापेक्षा अडाणी ठरलेलं मला परवडलं. त्यांनी समाधानाने मान हलवली, खिशातून स्वतःचं कार्ड काढलं, आमचं वर राहिलं होतं ना, आणि खांबाला टेकवलं. दिवा निळा झाला. आमच्या गाडीत पहिल्यांदा वीज शिरली ती तिच्या कार्डावर.

नवऱ्याने त्या संध्याकाळी सगळे ड्रॉवर उपसले आणि आमचं कार्ड शोधून काढलं. आम्ही दोघं त्या विषयावर फार बोललो नाही. बोललो तेव्हा भांडलो. तो म्हणाला रुमालाची कल्पना बाबांची, मी म्हणाले बाबांच्या गळ्यात घालू नकोस, मग तो म्हणाला सभेत भाषण कोणी केलं होतं. एक विजेचा खांब मी अंगणात आणला आणि त्यापायी दोन गाड्या पेट्रोलवर धावल्या. एक आमची, आणि एक माझ्या शब्दावर विजेची झालेली. हा हिशेब माझ्या कंपनीच्या सॉफ्टवेअरमध्ये बसत नाही. तिथे आम्ही वेळ धरतो, ऊन धरतो, वारा धरतो. वायर लावून नुसती जागा अडवणारं माणूस कुठल्याच रकान्यात नाही. मंडळाच्या गणपतीत या वेळी पुन्हा बोलशील का म्हणून विचारणा झाली. घसा बसलाय म्हणून सांगितलं.

आता आमची गाडी विजेवरच चालते. मी घरून काम करते त्या दिवशी दुपारी खाली जाते, नर्सबाईंची लांब केबल लावते, कार्ड टेकवते आणि दिवा निळा होईपर्यंत उभी राहते. गाडी भरली की लगेच हलवून रस्त्यावर नेते, जागा मोकळी ठेवते. ती कोणालाच नको असते. इमारतीत दुसरी विजेची गाडी नाही. पहाटे नर्सबाईंची जुनी गाडी दोनदा खोकून सुरू होते तेव्हा मला जाग येते. नवरा झोपलेला असतो किंवा झोपल्यासारखं करतो.

सासरे रविवारी व्हिडिओ कॉल करतात. गुडघा कसा आहे विचारलं की ते उलट विचारतात, “जागा मिळते ना गं दारापाशी?”

“मिळते बाबा,” मी सांगते. “आता कायमच मिळते.”

“आणि नर्सबाई? माझा नमस्कार सांग.”

मी सांगते म्हणते. तो नमस्कार मी अजून पोचवलेला नाही. परवाही दुपारी मी वायर लावून वळले तर त्या फेरीवरून येत होत्या. अंगणात धुराचा वास सोडत जुनी गाडी शिरली, माझ्याजवळ थांबली. त्यांनी काच खाली केली, निळ्या दिव्याकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि शिकवलेलं बरोबर करून दाखवणाऱ्या मुलीला बाई दाखवतात तसा अंगठा वर केला.

मीही केला.